साक्ष, प्रसंग आणि स्थान : महानुभाव तत्त्वविचाराच्या शोधपद्धतीचा इतिहास

तत्त्वज्ञानातील संशोधनपद्धतीचा विचार भारतीय परंपरेत बहुधा प्रमाणशास्त्रापासून सुरू होतो. न्यायदर्शनाने प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द अशी ज्ञानाची चार साधने मानली. सत्य जाणण्यासाठी केलेली चर्चा तो वाद, केवळ जिंकण्यासाठी केलेली चर्चा तो जल्प आणि स्वतःचा पक्ष न मांडता समोरच्याचे नुसते खंडन करणे ती वितंडा, असे चर्चेचे प्रकारही त्याने काटेकोरपणे वेगळे केले. तेराव्या शतकात मात्र महाराष्ट्रात या शास्त्राच्या चौकटीत सहज न बसणारा एक प्रश्न उभा राहिला. ज्या आचार्याने स्वतः एकही ग्रंथ लिहिला नाही, ज्याने आपला विचार चालता-बोलता, प्रसंगाप्रसंगाने आणि लोकांच्या मराठीत सांगितला, त्याचे तत्त्वज्ञान नेमके कोणते, हे त्याच्या पश्चात कसे ठरवायचे, असा तो प्रश्न होता. महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी यांच्या अनुयायांनी या प्रश्नाला दिलेल्या उत्तरातून साक्षींची नोंद, पाठभेदांची जपणूक, वचनाच्या प्रसंगाचा शोध आणि स्थळांची पाहणी अशी एक संपूर्ण शोधपद्धती घडत गेली. या पद्धतीच्या इतिहासात बुलढाणा जिल्हा दोनदा येतो. आरंभी मेहकर आणि लोणार ही चक्रधरांच्या भ्रमणातील स्थाने म्हणून तो येतो आणि सुमारे सात शतकांनंतर मलकापूर तालुक्यातील नरवेल या गावी जन्मलेले डॉ. विष्णू भिकाजी कोलते यांच्या संशोधनामुळे पुन्हा येतो.

चक्रधरांचा काळ हा देवगिरीच्या यादवांच्या वैभवाचा काळ होता. आज बुलढाणा जिल्ह्यात मोडणारा मेहकर-लोणारचा टापू त्या राज्याचा भाग होता, आणि लोणारच्या विवराकाठची मंदिरे व तेथील अखंड वाहणारी धार यांमुळे ते क्षेत्र दूरवरच्या यात्रेकरूंना परिचित होते. यादवराजा कृष्णदेव, ज्याला मराठी ग्रंथांत कान्हरदेव म्हटले आहे, तो लोणार येथे चक्रधरांच्या भेटीस आला, असे लीळाचरित्र हा चक्रधरांच्या आठवणींचा ग्रंथ सांगतो. मेहकरचा मुक्कामही त्याच ग्रंथात येतो. गोदावरीच्या खोऱ्यापासून वऱ्हाडापर्यंत चाललेल्या या भ्रमणात चक्रधरांनी ठरावीक श्रोत्यांपुढे ठरावीक विषयाचे व्याख्यान असे क्वचितच दिले. कुणी प्रश्न विचारला, कुणाच्या वागण्यात काही उणे दिसले किंवा वाटेत एखादी गोष्ट दृष्टीस पडली की त्या निमित्ताने ते बोलत, आणि त्या बोलण्यालाच पुढे पंथात निरूपण म्हणून मान मिळाला.

या निरूपणातून जे तत्त्वज्ञान उभे राहते, ते स्पष्टपणे द्वैती आहे. जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ त्यात अनादी, नित्य आणि परस्परांपासून भिन्न मानलेले आहेत. देवता जीवाला मर्यादित आणि कधीतरी संपणारी फळे देऊ शकतात, परंतु मोक्ष देण्याचे सामर्थ्य एकट्या परमेश्वराचे असते. तो अवतार घेतो, जीवाला ज्ञान देतो आणि आपल्या सन्निधानाने, म्हणजे प्रत्यक्ष सहवासाने, त्याचा उद्धार घडवतो. या मांडणीतूनच पुढचा प्रश्न अपरिहार्यपणे निघाला. सन्निधान संपल्यावर, म्हणजे असन्निधानाच्या काळात, साधकाने काय करावे? परमेश्वराचे नाम, त्याची मूर्ती, त्याच्या लीळा आणि त्याच्या चेष्टा यांचे स्मरण करावे, असे त्याचे उत्तर होते. चेष्टा म्हणजे त्याच्या साध्यासुध्या शारीरिक हालचाली. याचा अर्थ असा की अचूक स्मरण हीच साधना ठरली. घडले नाही ते आठवणे किंवा घडले ते चुकीचे आठवणे हा नुसता माहितीचा दोष राहिला नाही, तो साधनेतला दोष झाला. त्यामुळे पुरावा पारखण्याची निकड या पंथाच्या तत्त्वज्ञानाच्या गाभ्यातच रुजलेली होती.

चक्रधरांनी इ. स. १२७४ च्या सुमारास महाराष्ट्र सोडला. त्यानंतर अनुयायांचा समुदाय विदर्भातील ऋद्धिपूर येथे, चक्रधरांचे गुरू गोविंदप्रभू यांच्याभोवती एकत्र आला आणि नागदेवाचार्य, ज्यांना पंथ आदराने भटोबास म्हणतो, त्यांनी समुदायाचे नेतृत्व केले. याच मंडळींत सराळे गावचे म्हाइंभट होते. ते शास्त्र शिकलेले, वादात निपुण आणि आपल्या विद्वत्तेचा अभिमान बाळगणारे पंडित होते. चक्रधरांशी चर्चा करण्यासाठी म्हणून आले आणि शिष्य होऊन राहिले. गुरूंच्या पश्चात त्यांनी हाती घेतलेले काम त्यांच्या पूर्वायुष्यातील विद्येहून अगदी वेगळे होते. गुरूंचे सिद्धांत युक्तिवादाने सिद्ध करणारा ग्रंथ रचण्याऐवजी त्यांनी गुरूंच्या आठवणी गोळा करण्यास आरंभ केला. जे जे चक्रधरांच्या सहवासात राहिले होते त्यांच्याकडे जाऊन त्यांनी प्रत्येकाला विचारले, मिळालेल्या आठवणी भटोबासांपुढे ठेवल्या आणि ऋद्धिपूरच्या वाजेश्वरी या स्थानी बसून त्या लिहून काढल्या. तेराव्या शतकाच्या अखेरच्या चतुर्थकात सिद्ध झालेल्या या ग्रंथाला लीळाचरित्र म्हणतात. एकांक, पूर्वार्ध आणि उत्तरार्ध असे त्याचे तीन भाग आहेत, आणि मराठी गद्याचा तो आद्य महाग्रंथ आहे.

म्हाइंभटांनी ज्यांना विचारले त्यांत पंडित होते तसे निरक्षरही होते, आणि स्त्रियांची संख्या लक्षणीय होती. भटोबासांची नातलग महदाइसा ही त्यांत अग्रगण्य होती. चक्रधरांना सतत प्रश्न विचारणारी, उत्तराने समाधान झाले नाही तर पुन्हा विचारणारी म्हणून ती लीळाचरित्रात वारंवार दिसते; तिच्या जिज्ञासू वृत्तीचा आणि चर्चेच्या आवडीचा गौरव स्मृतिस्थळ या नंतरच्या ग्रंथात भटोबासांच्या मुखी आलेला आहे. शास्त्रपरंपरेत ज्यांना वादाचा अधिकारच नव्हता, त्यांची साक्ष येथे तत्त्वज्ञानाचा पाया झाली, कारण साक्षीदाराची योग्यता त्याच्या विद्येवरून ठरत नव्हती, तो त्या प्रसंगी हजर होता की नाही यावरून ठरत होती. हीच भूमिका भाषेच्या बाबतीतही दिसते. केसोबास या विद्वान शिष्याने चक्रधरांच्या लीळांवर रत्नमालास्तोत्र संस्कृतात रचले, तेव्हा पुढे संस्कृतात लिहू नये, त्याने समुदायातील वृद्ध स्त्रिया वंचित होतील, असे भटोबासांनी त्याला बजावले. या निर्णयामागे करुणा होती हे निश्चित. परंतु त्याचा ज्ञानविषयक परिणामही तितकाच महत्त्वाचा होता. ज्या भाषेत वचन उच्चारले गेले त्याच भाषेत ते टिकले, आणि ज्यांनी ते ऐकले होते त्यांना लिहिलेला मजकूर तपासून पाहण्याची संधी शिल्लक राहिली.

या काळजीची खरी कसोटी चौदाव्या शतकाच्या आरंभी लागली. दिल्लीच्या सुलतानांच्या स्वाऱ्यांनी यादवसत्ता कोलमडली आणि त्या धामधुमीत म्हाइंभटांची मूळ पोथी नष्ट झाली, असे पंथाची परंपरा सांगते. ग्रंथ पुन्हा उभा करावा लागला तो पाठांतराच्या आधारे. हिराइसा या साध्वीची स्मरणशक्ती त्यासाठी विख्यात आहे; तिच्याप्रमाणेच रामेश्वरबास आणि परशरामबास यांच्या नावाचे पाठही पंथात रूढ झाले. अशा वेळी एकच पाठ प्रमाण ठरवून बाकीचे विसरून जाणे सोयीचे होते, पण हस्तलिखितांत तसे झालेले दिसत नाही. एखाद्या लीळेचा तपशील दुसऱ्या कुणाच्या आठवणीप्रमाणे वेगळा असेल, तर त्या व्यक्तीचे नाव घेऊन तो वेगळा तपशील तेथेच नोंदवलेला आढळतो, आणि अशा भिन्न कथनाला वासना ही संज्ञा वापरलेली दिसते. प्रसंग कोणत्या गावी घडला, प्रश्न कुणी विचारला, उत्तराचे शब्द कोणते होते, यांविषयी मतभेद असले तर ते झाकले जात नाहीत. श्रद्धेचा विषय असलेल्या ग्रंथाने आपल्यातील अनिश्चितता इतक्या उघडपणे जपावी, ही गोष्ट मध्ययुगीन धर्मवाङ्मयात विरळा आहे.

साक्षी गोळा झाल्यावर त्यांतून सिद्धांत कसा काढायचा, हा पुढचा टप्पा होता आणि तो प्रामुख्याने केसोबासांनी पार पाडला. त्यांनी लीळांमध्ये विखुरलेली चक्रधरांची वचने निवडून सूत्रपाठ तयार केला. सूत्र म्हणजे थोड्या शब्दांत सांगितलेला सिद्धांत. या वचनांची विभागणी प्रकरणांत केलेली असून त्या प्रकरणांची नावेच विचाराची दिशा दाखवतात. अन्यव्यावृत्ती या प्रकरणात इतर मतांहून आपले मत कोठे वेगळे आहे याची सीमा आखलेली आहे. संहार, संसरण आणि उद्धरण यांत अनुक्रमे सृष्टीचा लय, जीवाचे जन्ममरणातून फिरणे आणि त्याची सुटका यांचा विचार येतो. निर्वचन या प्रकरणात संज्ञांचे अर्थ निश्चित केलेले आहेत. आचार आणि विचार या प्रकरणांत साधकाच्या वर्तनाचे आणि चिंतनाचे नियम सांगितले आहेत. कालक्रमाने किंवा प्रवासाच्या ओघात आलेली वचने विषयवार लावणे, हे कथनाकडून दर्शनाकडे टाकलेले निर्णायक पाऊल होते.

केसोबासांचा दुसरा ग्रंथ दृष्टान्तपाठ हा पद्धतीच्या दृष्टीने अधिकच उद्बोधक आहे. चक्रधरांनी सांगितलेले ११४ दृष्टान्त त्यात आहेत आणि प्रत्येकाची मांडणी तीन भागांत केलेली आहे. प्रथम चक्रधरांचे सूत्र येते, मग त्यांनीच सांगितलेला दृष्टान्त येतो आणि शेवटी त्या दृष्टान्ताचे सिद्धांताशी असलेले नाते उलगडणारे दार्ष्टान्तिक येते, जे केसोबासांनी स्वतः लिहिलेले आहे. जन्मांधांनी हत्ती चाचपून पाहिला आणि ज्याच्या हाती जो अवयव लागला त्यालाच त्याने हत्ती म्हटले, हा प्रसिद्ध दृष्टान्तही या ग्रंथात आहे. हे तीन थर वेगळे ठेवल्यामुळे वाचकाला गुरूचे वचन कोठे संपते आणि शिष्याचा अर्थ कोठे सुरू होतो, हे नेमके कळते. मूळ आणि भाष्य यांची सरमिसळ टाळणे हा कोणत्याही तत्त्वचिंतनाच्या अभ्यासाचा पहिला नियम आहे, आणि तो येथे ग्रंथाच्या रचनेतच बसवलेला आहे.

विषयवार मांडणीचा एक धोकाही होता. वचन प्रसंगापासून तोडले की त्याचा अर्थ वाटेल तसा ताणता येतो; एकाला दिलेली सूट सर्वांसाठी नियम ठरू शकते आणि रागावून केलेली सूचना सिद्धांत म्हणून वाचली जाऊ शकते. पंथाच्या अभ्यासकांनी हा धोका ओळखला होता. प्रकरणवश या ग्रंथात सूत्र कोणत्या निमित्ताने आणि कोणाला उद्देशून निघाले, याची माहिती सूत्राला पुन्हा जोडून दिलेली आहे. त्यानंतरच्या भाष्यकारांनी लक्षण, आचार आणि विचार अशा तीन दृष्टींनी सूत्रांचे स्पष्टीकरण करणाऱ्या ग्रंथांची मालिका रचली आणि सूत्रातील प्रत्येक शब्दाचा हेतू, त्याची मर्यादा आणि त्याचा इतर सूत्रांशी असलेला अन्वय तपासला. अशा रीतीने वचन प्रसंगातून सूत्रात आणि सूत्रातून पुन्हा प्रसंगाकडे, असा शोधाचा दुहेरी प्रवास पूर्ण झाला.

शब्दांच्या या छाननीला जोड मिळाली ती स्थळांच्या पाहणीची. स्थानपोथी या ग्रंथात चक्रधर जेथे जेथे गेले त्या गावांची आणि तेथील स्थानांची नोंद आहे. देवळाचे तोंड कोणत्या दिशेला, विहीर किंवा मठ त्याच्या कोणत्या बाजूला, स्वामी नेमके कोठे बसत, असा तपशील त्यात गावोगाव दिलेला आहे. त्यामागील हेतू अर्थातच भक्तीचा होता, कारण ज्या जागेला परमेश्वराचा स्पर्श झाला ती जागा वंदनीय होती आणि चुकीच्या जागेला केलेले वंदन व्यर्थ होते. पण याच हेतूने स्थानपोथी चौदाव्या शतकातील महाराष्ट्राच्या वसाहतींचे एक विश्वसनीय वर्णन ठरली. लोणार आणि मेहकर यांसारख्या गावांचे त्या काळचे रूप समजून घेऊ पाहणाऱ्या इतिहासकाराला ताम्रपट आणि शिलालेख यांच्याबरोबरच या पोथीकडेही वळावे लागते. लीळाचरित्रातील एखादे विधान जमिनीवर पडताळून पाहता येते, ही शक्यता तत्त्वज्ञानाच्या मूलग्रंथाला क्वचितच लाभते.

पुढील काळात पंथाने आपले ग्रंथ बाहेरच्यांच्या दृष्टीआड ठेवले. अक्षरांची ठरावीक अदलाबदल करून सिद्ध केलेल्या सकळा, सुंदरी यांसारख्या सांकेतिक लिप्यांत पोथ्या लिहिल्या जाऊ लागल्या आणि त्या मठांमध्ये सांभाळल्या गेल्या. या गुप्ततेमुळे वाङ्मय टिकले, पण समाजात पंथाविषयी गैरसमजही वाढले आणि मराठी विचाराच्या इतिहासातले एक मोठे दालन शतकानुशतके बंद राहिले. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी सकळा लिपी उलगडली. वि. ल. भावे यांनी या वाङ्मयाकडे मराठी वाचकांचे लक्ष वेधले, यवतमाळचे य. खु. देशपांडे यांनी १९२५ मध्ये महानुभावीय मराठी वाङ्मयाचा आढावा ग्रंथरूपाने मांडला, आणि त्यानंतरच्या दशकात ह. ना. नेने यांनी लीळाचरित्र छापून प्रसिद्ध केले. मठांतील महंतांनी विश्वासाने पोथ्या दाखवल्या नसत्या तर हे काम होणे शक्य नव्हते, आणि तो विश्वास संपादन करणे हा संशोधनपद्धतीचाच भाग होता.

या पिढीचा वारसा घेऊन विष्णू भिकाजी कोलते यांनी काम सुरू केले. त्यांचा जन्म २२ जून १९०८ रोजी नरवेल येथे झाला. भास्करभट्ट बोरीकर या महानुभाव कवीवरचा त्यांचा ग्रंथ १९३५ साली प्रसिद्ध झाला. महानुभाव तत्त्वज्ञान १९४५ मध्ये, महानुभावांचा आचारधर्म १९४८ मध्ये, श्रीचक्रधर चरित्र १९५२ मध्ये आणि महानुभाव संशोधन हा लेखसंग्रह १९६२ मध्ये निघाला. यांपैकी अनेक पुस्तके मलकापूरच्या अरुण प्रकाशनाने काढली, त्यामुळे मराठीतील एका स्वतंत्र दर्शनावरचे पायाभूत लेखन विद्यापीठांच्या शहरांऐवजी बुलढाणा जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावाचे नाव घेऊन देशभरच्या अभ्यासकांपर्यंत पोहोचले. कोलते १९६६ ते १९७२ या काळात नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू होते, १९६७ साली भोपाळ येथे भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते आणि १९९८ मध्ये त्यांचे निधन झाले.

कोलते यांच्या ग्रंथांची यादी नुसती वाचली तरी त्यांच्या पद्धतीचे स्वरूप ध्यानात येते. तत्त्वज्ञानावर लिहिणारा अभ्यासक एरवी सिद्धांतांच्या तुलनेवर थांबतो, आणि तशी तुलना त्यांनी केलीच. चार नित्य पदार्थ मानणारे हे द्वैत शंकराचार्यांच्या अद्वैताहून जसे भिन्न आहे तसे मध्वाचार्यांच्या द्वैताशीही एकरूप नाही, हे मराठी वाचकांना साधार समजले ते मुख्यतः त्यांच्या लेखनामुळे. परंतु त्यांनी सिद्धांताबरोबरच आचारधर्म अभ्यासला, कारण या पंथात विचाराचा अर्थ आचारावाचून पुरा होत नाही. त्यांनी चक्रधरांचे चरित्र लिहिले आणि गोविंदप्रभूंच्या चरित्राचे संपादन केले, कारण येथे वचन प्रसंगावाचून उलगडत नाही. त्यांनी स्थानपोथीचेही संपादन केले, कारण येथे प्रसंग स्थानावाचून पडताळता येत नाही. ताम्रपट आणि शिलालेख यांच्या वाचनाचा त्यांचा व्यासंगही याच साखळीतला होता. अखेर १९७८ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने त्यांनी अनेक पोथ्या ताडून सिद्ध केलेले लीळाचरित्र प्रसिद्ध केले. म्हाइंभट, केसोबास, सूत्रांचे भाष्यकार आणि स्थानपोथीचा कर्ता यांनी वाटून घेतलेली कामे एका आधुनिक संशोधकाने आपल्या आयुष्यात पुन्हा एकत्र आणली होती.

या कामाचे मोल जागतिक पार्श्वभूमीवर अधिक स्पष्ट होते. सॉक्रेटिसानेही काही लिहिले नाही आणि त्याचा विचार प्लेटो व झेनोफोन या शिष्यांच्या लेखनातूनच मुख्यतः हाती येतो, त्यामुळे शिष्याचे किती आणि गुरूचे किती हा प्रश्न पाश्चात्त्य तत्त्वज्ञानाच्या आरंभापासून त्याच्यासोबत आहे. एकोणिसाव्या शतकात जर्मनीत कार्ल लाखमान याच्या नावाने ओळखली जाणारी पाठचिकित्सा विकसित झाली. हस्तलिखितांतील सामायिक चुकांवरून त्यांची वंशावळ लावायची आणि त्या आधारे मूळ पाठाच्या जवळ जायचे, असे तिचे सूत्र होते. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सक आवृत्ती तयार करताना वि. स. सुकथनकर यांच्या नेतृत्वाखाली ही दृष्टी भारतीय ग्रंथाच्या प्रकृतीनुसार बदलून घेतली. लीळाचरित्राच्या संपादकापुढची अडचण याहून निराळी होती. येथील पाठभेद केवळ लेखनिकांच्या हातून झालेल्या चुकांमुळे निर्माण झालेले नाहीत. त्यांतील पुष्कळसे भिन्न साक्षीदारांच्या स्मरणातून आलेले आहेत. चूक दुरुस्त करता येते, पण साक्ष खोडता येत नाही. ती तोलून पाहावी लागते आणि तोलूनही न टिकलेली साक्ष नोंदीत ठेवावी लागते. म्हणून महानुभाव ग्रंथांच्या संपादनात एकमेव मूळ पाठ शोधण्याइतकेच साक्षींचे परस्परसंबंध दाखवणे आवश्यक ठरते.

शं. गो. तुळपुळे यांनीही लीळाचरित्राचे संपादन केले होते, आणि अमेरिकन विदुषी ॲन फेल्डहाउस यांनी १९८३ मध्ये सूत्रपाठाचा अभ्यास इंग्रजीत प्रसिद्ध केला, तेव्हा या दर्शनाची चर्चा मराठीच्या सीमेबाहेर गेली. त्या चर्चेला आधार होता तो विदर्भातील संशोधकांनी मठामठांतून जमवलेल्या आणि वाचून लावलेल्या सामग्रीचा. उपासक आणि संशोधक यांच्या दृष्टीत अंतर असते आणि महानुभावांच्या बाबतीतही ते राहिले, कारण उपासकासाठी लीळा हे स्मरणीय सत्य असते, तर संशोधक तिच्याकडे तपासण्याजोगा पुरावा म्हणून पाहतो. तरीही या परंपरेत दोघांना जोडणारा दुवा आरंभापासून आहे, कारण तिच्या उपासकांनीच तपासणी हे कर्तव्य मानले होते.

म्हाइंभटांपासून कोलत्यांपर्यंतच्या या प्रवासातून तत्त्वज्ञानाच्या अभ्यासकाने घ्यावयाचा धडा स्पष्ट आहे. विचार खरा की खोटा, याचा निवाडा करण्यापूर्वी तो विचार कोणता होता, हे निश्चित करावे लागते. आणि ते निश्चित करण्यासाठी तो कोणी ऐकला, कोणत्या प्रसंगी ऐकला, कोणत्या शब्दांत ऐकला आणि तो ऐकणाऱ्यांत मतभेद कोठे आहेत, हे प्रामाणिकपणे नोंदवावे लागते. तर्क त्यानंतर येतो आणि तेव्हाच तो भक्कम जमिनीवर उभा राहतो. आज मठांत, संस्थांत आणि घराघरांत असलेल्या महानुभाव पोथ्यांपैकी ज्या अद्याप नीट वाचल्या गेलेल्या नाहीत, त्यांच्या संपादनासाठी आधुनिक साधने उपलब्ध आहेत. त्यांचा उपयोग करणाऱ्याने पाठभेद पुसून एक गुळगुळीत ग्रंथ तयार करण्याचा मोह टाळला आणि प्रत्येक साक्ष तिच्या साक्षीदाराच्या नावासह जपली, तरच तो या परंपरेचा खरा वारसदार ठरेल.